पिवळ्या बिल्ल्यांचा खुराक

— बसा हो, बसा, सूनबाई काय इतक्यात येत नाही, डुकरिणीमागं गेलीय. डुकरीण एकदा सुटली ना, की खडकांपर्यंत गेल्याशिवाय थांबत नाही, आणि खडकांवर पोचली की पोट भरल्याशिवाय हलत नाही — तासभर धरून चाला. आणि डॉक्टर, एक सांगू का? ओरडू नका. मघापासून बघतेय, माझ्याशी बोलायचं झालं की तुमच्या मानेच्या शिरा फुगतात. मला ऐकू येतं. छान येतं. मागच्या शेडमध्ये उंदरानं पोत्याला दात लावला तर तेही येतं. सूनबाईनं सांगितलं असेल तुम्हाला, आईंना कमी ऐकू येतं, जरा मोठ्यानं बोला — तिची चूक नाही, तिला तसंच वाटतंय, चार वर्षं झाली वाटतंय. कसं झालं, एकदा तिनं मला बादली आणायला सांगितली, मला उठायचा कंटाळा, मी म्हटलं, काय? ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा, काय? तिसऱ्या खेपेला गेली आणि स्वतःच घेऊन आली बादली. मला गंमत वाटली. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघितलं, पुन्हा जमलं, आणि मग काय, एकदा बहिरं झालं की परत बरं कसं व्हायचं, लाज वाटते ना. पण फायदा फार. बहिऱ्या माणसासमोर लोक काय काय बोलतात म्हणून सांगू — शेजारीण माझ्याच अंगणात, माझ्याच खुर्चीवर बसून माझ्याच नाकाविषयी बोलून गेली, आणि मी आपली मान डोलावतेय, हो हो, हवा छान आहे. हे सुनेला सांगायचं नाही हं. तुम्हाला सांगितलं कारण तुमच्या घशाची दया आली.

बिस्कीट घ्या. घरी केलंय, घ्या. हिरवट दिसतंय? भट्टीचा गुण तो. तुमच्या खिशात त्या गोळ्यांची पट्टी आहे ना, जेवणाआधी चघळता त्या — दिसतात हो, डोळे बहिरे नाहीत माझे — त्या गोळ्यांपेक्षा हे बरं. अजून एक घ्या. लाजता कशाला, सासुरवाडीला आल्यासारखे.

तर तुम्ही प्रयोगाची वही मिटायला आलात. मला ठाऊक आहे. परवा तुम्ही सुनेला फोनवर सांगितलंत, ती इथंच बसली होती, या बाकावर, आणि मी तिथं शेंगा सोलत होते, म्हणजे आमच्यात चार हात अंतर. तिनं एवढंच म्हटलं, ‘म्हणजे काहीच फरक नाही.’ आणि मग बराच वेळ नुसतं हं, हं. फोन ठेवला, माझ्याकडे वळली आणि भिंती हलतील अशा आवाजात विचारलं, आई, चहा टाकू का? — आणि डोळ्यांतून पाणी चाललंय नळासारखं. मी म्हटलं, काय? म्हणजे सवयीनं म्हटलं. ती पुन्हा ओरडली, चहा, आणि मग नाक पुसत आत गेली. आठ आठवडे, डॉक्टर. आठ आठवडे रोज पहाटे ताजवा घेऊन बसायची, शेवाळाची पूड चिमटीचिमटीनं तोलायची, सोनार तोलणार नाही अशी. डुकरांच्या शेणाचे — शेण नाही म्हणत त्याला, पण जाऊ दे — त्याचे फोटो काढायची. माझा मुलगा जहाजावर, आठ महिने पाण्यावर असतो, त्यानं फोनवर म्हटलं, तुझा एक फोटो पाठव, आणि हिनं घाईत त्यातलाच एक पाठवला. तो म्हणाला, वाळली आहेस जरा.

हसा, हसा. मघापासून तोंड घट्ट धरून बसलात.

आता ही सगळी कल्पना कुणाची? तिचीच. तुमच्या संस्थेची नाही हं, शिक्का तुमचा असला तरी. आमच्याकडे दूध तोडलं की पिल्लांना हगवण लागायची, ठरलेली, पाहुण्यासारखी यायचीच. आईचं दूध सुटतं, कोरडं खाद्य तोंडाला लागतं, आणि पोट म्हणतं, हे काय आणलंस. दहातली दोन-तीन जायची. माझी उभी हयात गेली त्यांच्या मागं फडकं घेऊन फिरण्यात, मला वाटायचं, डुकराचा जन्मच असा. पण ही समुद्र नसलेल्या मुलखातून आलेली, तिला सगळंच नवं, ती बघत बसायची. तिनं बघितलं की ही जी आत्ता सुटली ना — हेडबाई म्हणते मी तिला, मला चौथीत वर्गाबाहेर बसवणारी हेडबाई होती, तिची चाल थेट अशीच, मागून बघा तुम्ही — तर ही हेडबाई कुंपण उचकटून खडकांवर जाते, ओहोटीला उघडं पडलेलं तपकिरी शेवाळ खाते, आणि हिची पिल्लं सगळ्यात धडधाकट. एवढ्यावरून सुनेनं तुम्हाला पत्र लिहिलं. मी तीस वर्षं ती डुकरीण, म्हणजे तिची आई, तिची आजी, खडकांवरून हाकलून आणत होते, शिव्या घालत होते, आणि मला कधी सुचलं नाही की ती औषधाला जाते. काखेत कळसा म्हणतात ते हेच. मग तुमची पोती आली, पूड केलेलं शेवाळ, शिक्का मारलेलं. दोन कप्पे केले, बारा-बारा पिल्लं. कानात निळा बिल्ला त्यांना शेवाळ, पिवळ्या बिल्ल्यांना नुसतं खाद्य. सुनेनं मला समजावलं, हातवारे करून, चित्र काढून: आई, निळे — खातील. पिवळे — नाही. मधे — फरक. फरक दिसला पाहिजे. कळलं? मी म्हटलं, काय?

कळलं होतं हो. फार चांगलं कळलं होतं. तेच तर सांगायला बसले.

चहा गार होतोय. घोट घ्या, कारण पुढचं ऐकून ठसका लागेल.

आधी माझं सांगते. म्हणजे पोटाचं. तुम्ही डॉक्टर आहात, जनावरांचे असलात म्हणून काय झालं. तर मला वर्षानुवर्षं बंद — तीन दिवस, चार दिवस, एकदा तर मी देव आणि डॉक्टर दोघांना आळवलं, कुणी ओ दिली नाही. सुनेनं तुमच्या पोत्यावरचा कागद वाचून दाखवला, मोठ्यानं, त्यात होतं की आतड्यात चांगले जंतू असतात, त्यांना या शेवाळातला चिकट भाग आवडतो, ते पोसले जातात आणि वाईटांना जागा उरत नाही. मी म्हटलं, डुकरांच्या आतड्यात चांगले असतात तर माझ्यात काय सगळे चोरच भरलेत? तुमच्या पोत्याला हात नाही लावला, ते तोललेलं होतं, कणभर कमी झालं असतं तर हिनं उंदीर मारायला घेतले असते. मी खडकांवर गेले. टोपलीभर आणलं. तीन पाण्यांनी धुतलं, वाळवलं — कपड्यांच्या दोरीवर, आत शेवाळ, मधे माझे परकर, बाहेर चादरी, सुनेला वाटायचं, आई आता फार कपडे धुतात — आणि नवऱ्याचं जुनं कॉफी दळायचं यंत्र होतं त्यात दळलं. अर्धा चमचा, सकाळी, कोमट पाण्यात. पाचव्या दिवशी, डॉक्टर, मी परसाकडून आले ती शीळ घालत आले. बहात्तराव्या वर्षी. बघा तुम्ही, डुकरांचं बांधतं आणि माझं सोडवतं, एकच औषध, ज्याला जे हवं ते देतं. असा न्याय शाळेतसुद्धा बघितला नाही मी.

आता पिवळ्यांकडे येते. चुळबुळ करू नका.

पिवळ्यांमध्ये एक होतं, काडी म्हणायची मी त्याला. बाराजणांत सगळ्यात मरतुकडं, कानातला बिल्ला त्याच्या तोंडाएवढा, वाऱ्यानं कान फडफडला की ते सगळंच भेलकांडायचं. पहिल्या आठवड्यात पिवळ्यांना हगवण लागली, निळ्यांना नाही. तुमच्या वहीत आहे ते, पहिल्या आठवड्यात दोघांत जमीन-अस्मान. सूनबाई हवेत. एका बाजूला पिल्लं हगतायत, दुसऱ्या बाजूला ही टाळ्या वाजवतेय. आणि काडी कोपऱ्यात पडलेलं, शेपटी सुतळीसारखी. मला दया आली. आता शेजारी बारा पोरं औषध घेतायत आणि मधे फक्त एक फळी — माणूस आहे की नाही आपण? मी दुपारी सून बाजाराला गेल्यावर चिमूटभर माझ्यातलं, पेजेत कालवून, काडीला चाटवलं. एवढंच. दया हो, नुसती दया.

तुमचा चेहरा कसा झालाय माहीत आहे? हेडबाईला पहिल्यांदा इंजेक्शन दिलं होतं, तेव्हा तिचा झाला होता तसा.

थांबा, पेन खाली ठेवा, अजून संपलं नाही. कारण एकाला दिलं तर बाकीचे अकरा काय म्हणतील. डोणीवर मी वाकले की सगळे धावत, नाकानं ढुशा देत, तुम्हाला माहीत आहे ते कसं ओरडतात. मग सगळ्यांना. रोज दुपारी एक पळी. पहिल्या खेपेला घाई झाली, नीट धुतलंच नाही, खारट राहिलं — पिवळ्यांनी अख्खी डोण पाणी पिऊन टाकली आणि रात्रभर धारा, फळी भिजली, पलीकडचे निळे पोहायला लागले. सुनेनं तुम्हाला फोन केला होता बघा घाबरून, पाणी फार पितायत म्हणून. तुम्ही तिकडून म्हणालात, मूत्रपिंड तपासू या. तुमची दोन माणसं तीन तासांचा प्रवास करून आली, डुकरांची लघवी बाटलीत घ्यायला, आणि मी त्यांना सरबत दिलं. अहो, मला इतकं हसू येत होतं की मी पदर तोंडात कोंबून शेडमागं जाऊन बसले. ते म्हणाले, म्हाताऱ्या बाईंना खोकला आहे वाटतं.

काय म्हणता? बाराही पिल्लांना? — हो, बाराही. — रोज? — रोज म्हटलं ना. निळ्यांना तुमचं, पिवळ्यांना माझं. म्हणून तुमची वजनं शेवटी उन्नीस-बीस आली. फरक कुठून दिसणार, डॉक्टर, दोन्ही कप्प्यांत शेवाळच होतं. तुम्ही काय लिहिणार होतात, शेवाळाचा उपयोग नाही? उपयोग आहे, म्हणून तर दोन्हीकडे सारखं दिसतंय. मी मुद्दामच तर —

मुद्दाम म्हणजे दया आली म्हणून मुद्दाम.

असं बघू नका माझ्याकडे. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं म्हातारीकडे असं बघू नये. — बरं, विचारा. — एकाची दया आली तर आठ आठवडे का? अहो, तुम्हाला पोलिसात घ्यायला हवं होतं, डुकरांत कशाला वाया गेलात. सांगते. पण हे लिहू नका.

पहिल्या आठवड्याचीच गोष्ट. मी याच पायरीवर, काडीला मांडीवर घेऊन. सूनबाई फोनवर, तुमच्याशीच बोलत असेल, माझ्यापासून दोन हातांवर, बहिऱ्यापुढं कसली चोरी. ती म्हणाली, फरक असाच दिसत राहिला तर नोकरीची जागा नक्की ना? आणि मग, हो, संस्थेतच राहायचं, शहरात, मला चालेल. आणि मग म्हणाली — हळू म्हणाली, मला ऐकू येत नाही तरी हळू म्हणाली, यातच काय ते समजा — ‘आईंना अजून काही सांगितलं नाही मी.’

झालं. मी काडीच्या पाठीवरून हात फिरवत होते तो तसाच राहिला. बघा, मुलगा पाण्यावर. नवरा गेला. घरात दोन बायका आणि चाळीस डुकरं, त्यात मी बहिरी. ती दिवसभर ओरडते माझ्यावर, जेवलात का, गोळी घेतली का, चप्पल घाला, तिकडं निसरडं आहे — कुणी बाहेरून ऐकलं तर म्हणेल, काय कजाग सून. आणि मला त्या आवाजाची इतकी सवय झालीय की ती बाजाराला गेली ना, तर घर असं गप्प पडतं की मला खरंच बहिरी झाल्यासारखं वाटतं. तर मी विचार केला. मी चौथीतनं उठवलेली, पण एवढा हिशोब मला येतो: फरक दिसला तर ती जाणार, फरक दिसला नाही तर राहणार. मग फरक पुसून टाकू. पुसायचं कसं, तर पिवळ्यांना खाऊ घालून. यात कुणाचं वाईट झालं सांगा? डुकरं खूश, मी खूश, काडी आता उचलवत नाही मला. वाटलं होतं, ती चार दिवस हिरमुसेल आणि मग विसरेल. पण परवा ते नळासारखं पाणी — आणि त्यातून मला चहा विचारते. डॉक्टर, चोरी पचते हो, शेवाळ घेतलं की सगळं पचतं, पण तो चहा काही पचला नाही.

म्हणून आज सकाळी कडी मीच काढली. हेडबाईच्या दाराची. मी काढली आणि कानात सांगितलं, जा बाई, ओहोटी आहे, सावकाश ये. नाहीतर सूनबाई तुम्हाला एकट्यानं माझ्याजवळ बसू देते होय? तिला भीती, आई काहीतरी बोलतील.

आता एक विचारते, खरं सांगा. तुमच्या त्या संस्थेच्या घरांना जिने किती आहेत? सहज विचारतेय. मला काय करायचंय, मी इथं बरी आहे, मला खडक आहेत, शेजारीण आहे माझ्या नाकाची चौकशी करायला. पण तिच्याकडे कधी दोन दिवस जायचं झालं, तर गुडघे म्हणून — चौथा मजला असेल तर राहिलंच, मी आपली फोनवरूनच, काय, काय —

काय म्हणालात?

नाही, आत्ता खोटं नाही, आत्ता खरंच नीट ऐकलं नाही मी. पुन्हा म्हणा. — तळमजला. कुणी मागितला? — तिनं. कशासाठी? — माझ्या गुडघ्यांसाठी असं लिहिलंय? तसंच लिहिलंय, गुडघे? — कधी लिहिलं? — पहिल्या पत्रात. म्हणजे पोती यायच्या आधी. म्हणजे निळे-पिवळे व्हायच्या आधी. म्हणजे मी टोपली घेऊन खडकांवर जात होते, पाय घसरून घेत होते, परकरांमागं शेवाळ लपवत होते, आणि तिकडं कागदावर माझे गुडघे आधीच शहरात जाऊन बसले होते.

आणि मला सांगितलं का नाही मग? — हं. सांगायला ओरडावं लागलं असतं, आणि शेजारणीला आधी कळलं असतं. नक्की झाल्यावर सांगणार होती. बरोबर आहे. माझंच बहिरेपण माझ्या अंगावर.

थांबा जरा. बिस्कीट द्या ते एक. नाही, रडत नाही, वारा आहे.

बरं. झालं. वही काढा. मिटायची वही उघडा. हिशोबाला बसू या, मी आणि तुम्ही, शिकलेला आणि उठवलेली. पाय घसरला म्हटलं ना मी — पाचव्या आठवड्यात. खडकावर घसरले, घोटा असा सुजला की दुधी भोपळा. सुनेला सांगितलं, मोरीत पडले. अकरा दिवस अंथरुणावर. हललेही नाही. ती मला उचलून बसवायची, केस विंचरायची, ओरडायची, मोरीत चप्पल का नाही घातली. आता सांगा, त्या अकरा दिवसांत पिवळ्यांना कुणी घातलं? कुणीच नाही. निळ्यांना? हिनं, रोज, तोलून. तर काढा ते पान. काय दिसतंय? मोठ्यानं वाचा, मला नीट ऐकू येतं. — पिवळे, हगवण, सात पिल्लं. — हं. — नऊ. — आणि निळे? — शून्य. पुढं? — शून्य. पुढं जा. — निळे एक. एक असू दे, एखाद्याचं बिघडतंच. आणि समासात काय लिहिलंय सुनेनं? वारा बदलला म्हणून. अहो, एकाच छपराखाली, मधे एक फळी, वारा काय बिल्ल्याचा रंग बघून येतो? तुम्हीसुद्धा त्यावर सही केलीत, डॉक्टर, ही बघा तुमची सही, कोंबडीच्या पायासारखी.

आणि मग बाराव्या दिवशी मी लंगडत उठले, आणि लाज वाटून दोन-दोन पळ्या घातल्या. पुढच्या पानावर बघा. चौथ्या दिवशी काय आहे? — घट्ट. मी म्हणतेय काय मग.

तारखा माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका. मी खोटारडी आहे हे आता तुम्हाला कळलंच आहे. ते दाराच्या मागं, माझ्या खाटेवरून हात पोचतो तिथलं, कॅलेंडर बघा, तुमच्याच संस्थेनं दिलेलं, डुकराचं चित्र असलेलं. त्यावर फुल्या आहेत. मोजा. अकरा. हिला वाटतं, मी औषधाच्या गोळीची खूण करते. ज्या दिवशी माझं झालं नाही त्या दिवशी फुली. अंथरुणावर होते, दळायला यंत्र नाही, वाळवायला दोरी नाही, मला तरी कोण देणार? पिवळे तेरा होते त्या दिवसांत, डॉक्टर. बारा ते आणि एक मी. ते वाहत होते आणि मी तुंबले होते, पण कारण एकच.

आता का हसताय? इतकं हसू नका, ठसका लागेल म्हटलं होतं. घ्या, पाणी घ्या.

चालेल हे? — नाही? — शिक्का नाही बसायचा असं? नुसत्या अकरा दिवसांवर, आणि म्हातारीच्या फुल्यांवर नाही बसायचा, कळलं. पण वही मिटायची नाही, एवढं तर बसतं? — नव्यानं करायचं. नवी पिल्लं. हेडबाईची येतायत पुढच्या महिन्यात, बारा तरी देईल, आणि दुसरीची बारा. पुन्हा आठ आठवडे. करू. आणि जागा? — तोवर थांबवून ठेवता? — लेखी? तुमच्या सहीनं नको, ती कुणाला वाचता येत नाही, शिक्क्यानं द्या. आणि मी हात लावणार नाही. शप्पथ. बरं, माझ्या शपथेवर नका जाऊ, पिवळ्यांच्या कप्प्याला कुलूप लावा आणि किल्ली तुम्ही घेऊन जा. नाही, सुनेजवळ ठेवू नका, ती उशीखाली ठेवते, मला माहीत आहे कुठली उशी.

तिला कोण सांगणार? मी? अहो, मी बहिरी आहे, बहिऱ्यानं काय सांगायचं. तुम्ही सांगा. पिवळ्यांना सासूनं चोरून घातलं, एवढं सांगा, तिची कल्पना खरी होती हे आधी सांगा, मग चोरीचं. दया आली म्हणून घातलं असं म्हणा. दुसरं कारण — ते तुम्ही ऐकलंच नाही. तुम्हालाही कधीकधी कमी ऐकू यावं, जगायला बरं पडतं. चिडेल. दोन दिवस बोलणार नाही माझ्याशी. म्हणजे ओरडणार नाही. काढीन दोन दिवस, काडी आहे सोबतीला. काडीला नेता येईल का हो तळमजल्यावर? मागं थोडी जागा असेलच ना, पत्र्याखाली? बघून ठेवा.

आणि ती बिस्किटं. चार खाल्लीत, मोजतेय मी. हो, त्यातही आहे, प्रत्येकात पाव चमचा. घाबरताय कशाला, तीन पाण्यांनी धुतलेलं आहे. आत्ता काही नाही होणार. उद्या सकाळी आठवण काढाल माझी, शीळ घालत. आणि झाली की एक चिठ्ठी पाठवा, बरोबरची खूण करून, मी कॅलेंडरवर तुमच्यासाठीही रकाना करते.

ती बघा आली. पुढं सून, मागं हेडबाई, दोघींच्या तोंडाला चिखल, आणि हेडबाईच्या ओठाला अजून लोंबतंय, तपकिरी. कशी डुलत येतेय, मी सांगितलं होतं ना मागून बघा म्हणून, पुढूनही तशीच. — वही उघडीच ठेवा. त्याच पानावर. — नीट बसा, पेन हातात घ्या, काही झालंच नाही असा चेहरा करा. तुम्हाला येत नाही तो चेहरा, जाऊ दे.

ये गं, दमलीस. डॉक्टर केव्हाचे खोळंबलेत, मी आपलं बसवून ठेवलंय नुसतं, काय बोलणार मी. — अहो, मला काय सांगता, तिला सांगा. — काय? कसलं पान? — शहरात? कोण? — कोण, मी? — मोठ्यानं बोल गं बाई, काही ऐकू येत नाही मला.